पितृपक्षात संपलेला दाखला

आत्याचा फोन आला तेव्हा मी कोपरीच्या बाजारात नेहमीच्या मावशींपुढे उभी राहून बोंबील आजचे की कालचे, यावर वाद घालत होते. आत्या फोनवर 'काय गं, कशी आहेस' वगैरे करत नाही. तिने सरळ सांगितलं, की तिच्या मंडळाच्या नावाशेजारी कोणीतरी 'सुरक्षित नाही' असं लिहून ठेवलंय, एका मुलाच्या वडिलांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय, आणि मानपाड्याला नवीन मंडळ निघालंय त्यांचंच हे काम असणार. मी येऊन ते पुसून टाकावं. एवढं बोलून तिने फोन ठेवला. मावशींनी तेवढ्यात कालचे बोंबील माझ्या पिशवीत भरून टाकले होते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. डोंबिवली पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, ती गेली चाळीस वर्षं वधूवर सूचक मंडळ चालवते. मंडळ म्हणजे आत्या, एक लोखंडी कपाट आणि कपाटाची किल्ली. तिचा नियम एकच. फॉर्मवर लिहिलेलं अक्षर, ज्याचं त्याच्या परवानगीशिवाय, कपाटाबाहेर जाणार नाही. कोणाचा साखरपुडा का मोडला, कोणाला लहानपणी फिट यायच्या, कोणाच्या भावाने घर का सोडलं, हे तिला सगळं ठाऊक. आमचे काका, म्हणजे तिचे यजमान, शेजारच्या मुलीचं लग्न तीनदा ठरून का मोडलं ते विचारून विचारून थकले आणि शेवटी न कळताच गेले. ही गोष्ट आत्या अभिमानाने सांगते.

गुडघे बोलायला लागले आणि लोकही तीन मजले चढेनासे झाले, तेव्हा कोणा ओळखीच्याने तिला हौसेने एक वेबसाइट करून दिली होती. मला विचारलं नव्हतं. मी वीस वर्षं ठाण्यातल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. आत्याच्या मते मात्र मी 'कॉम्प्युटरमध्ये' होते, आणि ही वेबसाइट होती. याचा मला राग आला होता. मी तो दोन वर्षं जपून ठेवला होता, आणि त्या रविवारी तोच घेऊन डोंबिवलीला गेले.

मी तिला समजावलं, की हे कोणी लिहिलेलं नाही. जिथे माहितीची ये-जा उघड्यावर चालते तिथे ब्राउजर स्वतःच तसं लिहितो. चांगल्या साइटवर प्रत्येक अक्षर कुलूपबंद होऊन जातं, वाटेत कोणी पकडलं तरी त्याला काही वाचता येत नाही. तुझ्या साइटवर फॉर्म भरला की तो पोस्टकार्डासारखा जातो. पोस्टमन वाचू शकतो, पोस्टमनचा मेहुणाही वाचू शकतो. हे मी जरा चवीने सांगितलं. मला न विचारल्याचा वचपा काढायचा होता.

आत्याने हातातला कप खाली ठेवला.

"म्हणजे दोन वर्षं मी लोकांच्या पोरींची माहिती पोस्टकार्डावर मागवतेय?"

मी हो म्हटलं. तिने उरलेला चहा मोरीत ओतून दिला. आत्याला चहा ओतून देताना मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि माझी चव तिथेच गेली. कोणी मुद्दाम वाचलं असेलच असं नाही, तुझ्या साइटमध्ये कोणाला एवढा रस असणार, असं मी म्हणायला लागले. तिने मला थांबवलं. वाचलं की नाही हा प्रश्नच नाही, ती म्हणाली, मी शब्द दिला होता. ती साइट तिने मला तिथल्या तिथे बंद करायला लावली. मग म्हणाली, जिथे माझा शब्द राहील अशी जागा तुला करता येत असेल तर कर, नाहीतर मंडळ बंद. चाळीस वर्षं झाली, पुष्कळ झालं. मी म्हटलं, करते.

पुढचे पाच रविवार मी डोंबिवलीत होते. आधी एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. आत्याला तो बघायचा होता. तो इथे नाही, दूर कुठेतरी थंड केलेल्या खोलीत शेकडो मशिनांच्या रांगेत आहे, असं सांगितल्यावर तिने त्याच्या शेजारी कोण आहे ते विचारलं. माहीत नाही म्हटल्यावर तिचं तोंड पडलं. शेजार न बघता जागा घेणारी माणसं तिला पटत नाहीत.

मग मी तिला एक गंमत दाखवली. सर्व्हर चालू करून तास झाला नव्हता, साइटवर अजून एक ओळही नव्हती, तरी दार कोण कोण वाजवतंय याची यादी पडद्यावर भराभर सरकत होती. जगाच्या पाठीवरची कुठकुठली मशिनं, कधी या नावाने तर कधी त्या नावाने, पासवर्ड लावून बघत होती. आत्या चष्मा लावून माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसली. तिला वाटलं स्थळं आलीत. ही सगळी चोर मंडळी आहेत म्हटल्यावर ती यादी तिने दहा मिनिटं मनापासून वाचली. ओळख ना पाळख, आधी फोन नाही, निरोप नाही, थेट दार वाजवतात म्हणजे काय, असं तिचं म्हणणं पडलं. चोरीपेक्षा तिला हा गावंढळपणा जास्त लागला होता.

मी पासवर्डाने आत यायची वाटच बंद केली आणि दोन सोडून बाकी सगळी दारं लावून टाकली. तीनदा चुकीचा प्रयत्न करणाऱ्याला सर्व्हर परस्पर बाहेर ठेवेल, मग तो कितीही वाजवो, आतून ओ येणार नाही, अशीही सोय केली. तीनदा म्हणजे आत्याला अती झालं. ती स्वतः वय चोरणाऱ्या मुलाला दुसरी संधी देत नाही. पण माणसाचं बोट चुकतं, असं मी सांगितल्यावर तीनवर तडजोड झाली.

सर्टिफिकेटवर मात्र आम्ही एक अख्खा रविवार घालवला. सर्व्हरला सर्टिफिकेट लागतं. आत्या त्याला दाखला म्हणते. हीच खरी या मंडळाची साइट, दुसरं कोणी सोंग घेऊन बसलेलं नाही, असं एक बाहेरची संस्था लिहून देते, आणि त्या दाखल्यावरच कुलूपबंद बोलणं सुरू होतं. हा दाखला फुकट मिळतो, हे ऐकल्याबरोबर आत्याला संशय आला. डोंबिवलीत फुकट दाखला कोणी देत नाही. त्यांनी आपली चौकशी कुठे केली, कोणाकडे केली, असं तिने विचारलं. मी सांगितलं, ते फक्त ही जागा आपल्याच ताब्यात आहे का एवढं तपासतात. एक खूण देतात, ती आपण ठरलेल्या ठिकाणी ठेवायची, ते येऊन बघून जातात.

"म्हणजे माणूस कसा आहे ते बघत नाहीत?"

मी म्हटलं, नाही, हा तोच आहे, एवढंच बघतात. आत्या म्हणाली, बरोबर आहे, बाकीचं कोणाला लिहून देता येतच नाही. चाळीस वर्षांचा अनुभव बोलत होता, मी वाद घातला नाही.

पहिला दाखला गुढीपाडव्याला, तिने काढून दिलेल्या वेळी घेतला. सर्व्हरला मुहूर्त ही माझ्या नोकरीत सांगण्यासारखी गोष्ट नव्हे, म्हणून मी ती तिथे अजून सांगितलेली नाही. साइट उघडली. 'सुरक्षित नाही' गेलं होतं. नावाशेजारच्या खुणेवर बोट ठेवलं की 'कनेक्शन सुरक्षित आहे' असं येत होतं. पुढचा आठवडाभर आत्या दूधवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत येईल त्याला तिथे बोट ठेवायला लावत होती. मीही फुशारले होते. त्या भरात मी आणखी कडक सेटिंग लावून टाकलं. एरवी दाखल्यात काही खोट निघाली तरी लोक 'असू दे, चालेल' म्हणून पुढे जाऊ शकतात. आमच्या साइटवर तीही मुभा नाही. खोट म्हणजे दार बंद, मालकालासुद्धा. आत्याला हे फार आवडलं.

वाद झाला तो पुढच्या गोष्टीवर. हा दाखला नव्वद दिवस चालतो. जगभर लोक काय करतात, तर सर्व्हरलाच सांगून ठेवतात, की मुदत संपत आली की तुझा तू नवीन घे. मीही तसं लावायला घेतलं. आत्याने विचारलं, आपोआप म्हणजे केव्हाही? मी म्हटलं, केव्हाही. अमावास्येलाही? अमावास्येलाही, ग्रहणातसुद्धा, त्याला काय कळतंय. हे शेवटचं वाक्य मी उगाच जोडलं. ज्या कपाटातून इतकी लग्नं उठली त्या मंडळाचा दाखला ग्रहणात घेणार नाही, असं तिने जाहीर केलं. पंचांग बघून दिवस ती सांगेल, मी हाताने घ्यायचा. मी तासभर हुज्जत घातली, डोक्याला हात लावला, शेवटी ते आपोआपचं बटण बंद केलं. मनात म्हटलं, वर्षातून चार वेळाच तर करायचंय, मी काय विसरणार आहे?

फॉर्म चढवायचं कामही तिने तिच्याच पद्धतीने करून घेतलं. कागद तिच्या हातात, ती वाचणार, मी टाइप करणार. कागदाच्या तळाशी तिच्या अक्षरात शेरा असायचा, तिथे आली की ती कागद छातीशी धरायची आणि 'पुढचा' म्हणायची. कपाटाचा सगळ्यात खालचा खण उघडलाच नाही. त्यातले का नाही, असं मी विचारलं. ते कॉम्प्युटरवर चढणार नाहीत, एवढंच उत्तर मिळालं.

बोंबीलवाल्या मावशी मंडळात आल्या त्या माझ्यामुळे. त्या दिवशीचा फोन त्यांनी ऐकला होता. कान बाजारातले, एक शब्द सुटलेला नव्हता. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा त्यांनी मला मासळीच्या पाटापलीकडून वाकून हळू आवाजात विचारलं, तुझी ती आत्या आमच्यातली पण जमवते का. त्यांची मुलगी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे. लग्न झालं होतं, वर्षाच्या आत परत आली. का आली याची एक गोष्ट कोळीवाड्यात फिरत होती, आणि ती खोटी होती. खरी गोष्ट मायलेकी सोडून कोणाला माहीत नव्हती, आणि ती खऱ्या माणसालाच सांगायची, तीही मुलगी तयार होईल तेव्हा, असं त्यांचं ठरलेलं. मी पाटावर हात ठेवून म्हटलं, मावशी, माझं स्वतःचं काम आहे. कुणाला दिसणार नाही.

मावशी कोपरीहून डोंबिवलीला गेल्या, तीन मजले चढल्या, जाताना कोलंबी घेऊन गेल्या. याची काही गरज नव्हती, असं म्हणत आत्याने एक एक कोलंबी उलटून बघितली. मग दोघी आतल्या खोलीत गेल्या आणि दीड तासाने बाहेर आल्या. मला तो फॉर्म चढवताना नेहमीइतकंच वाचून दाखवलं गेलं. शेऱ्यापाशी कागद छातीला.

जूनमध्ये आत्याने एक शुक्रवार काढून दिला, मी दाखला घेतला. मिनिटभराचं काम. मी तिला विजयाने सांगितलं, बघ, झालं की नाही. सप्टेंबरात मात्र गाडं अडलं. गणपतीच्या आधी करून टाकू असं मी म्हणत होते, पण घरी दीड दिवसाचा गणपती, त्यात ऑफिसात एक मोठं काम, राहून गेलं. जाग आली तेव्हा पितृपक्ष लागला होता. मी आत्याला फोन केला. दाखला गुरुवारी संपतोय, आता घेते. ती म्हणाली, पक्षात नाही, घटस्थापनेला घे. मी म्हटलं, चार दिवस मध्ये पडतात, तेवढे दिवस साइट बंद राहील. ती म्हणाली, राहू दे की, पितृपक्षात कोण स्थळं बघतंय.

हे खरं होतं. पितृपक्षात मंडळ तसंही झोपलेलं असतं. पण मी वीस वर्षं हेच काम करते. ऑफिसात माझ्या हाताखालच्या कोणी मुदत संपू दिली असती, तर मी त्याला सोलून काढलं असतं. आणि इथे मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. खरं सांगायचं तर वाद घालायचा कंटाळा आला होता. चूक पंचांगाची नव्हती, माझ्या कंटाळ्याची होती.

शनिवारी दुपारी दारावर मावशी उभ्या. कोपरीत इतकी वर्षं आम्ही पाच मिनिटांच्या अंतरावर राहतो, पण त्या माझ्या घरी कधी आलेल्या नव्हत्या. त्यांनी मुलीचा फोन माझ्यापुढे धरला. मुलगी सुट्टीवर होती, आपला फोटो बदलायला म्हणून तिने साइट उघडली होती. पडद्यावर लाल खूण, आणि खाली लिहिलेलं, की तुमचं कनेक्शन खाजगी नाही, कोणीतरी तुमची माहिती चोरायचा प्रयत्न करत असू शकेल. असल्या पाट्या मी रोज बघते. त्या क्षणी ती मी पहिल्यांदा वाचली.

"बाय, तू बोललीस ना, कुनाला दिसनार नाय," मावशी म्हणाल्या. "हितं तर चोर लिवलाय."

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. बाजारात त्या दहा रुपयांसाठी माझ्या सात पिढ्यांची चौकशी करतात. इथे आवाज खाली होता. मी घाईघाईने सांगायला लागले, की चोर वगैरे कोणी नाही, फक्त मुदत संपलीय, माहिती सगळी आत नीट आहे. त्या ऐकत राहिल्या. मी कालचे बोंबील आजचे म्हणून विकत असावी तशा ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, माझा कागद परत दे. कागद आत्याकडे होता. मी चपला घातल्या आणि आम्ही दोघी डोंबिवलीला निघालो. वाटेत मला मावशींचं काय होईल याच्या बरोबरीने आत्याचं काय होईल याचीही धास्ती होती. तिने सांगितलेलं मला आठवत होतं. शब्द राहत नसेल तर मंडळ बंद.

आत्याने दार उघडलं, दोघींचे चेहरे बघितले आणि मावशींना आधी बसायला लावलं. मावशींनी फोन पुढे केला. आत्याने ते शब्द एकदा वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले. तिला म्हणता आलं असतं, की मशीन आहे, बिघडतं. माझ्याकडे बोट दाखवता आलं असतं, आणि मी ते गपगुमान ऐकलंही असतं. ती मावशींना म्हणाली, चूक माझी आहे, ही करत होती, मीच थांबवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, आत्ता कर.

मी म्हटलं, आत्या, पक्ष चालू आहे.

"पितरांना मी बघून घेईन. तू कर."

मी लॅपटॉप उघडला. दोघी माझ्या दोन बाजूंना उभ्या. एक ओळ टाइप केली, खूण ठेवली गेली, बाहेरच्या संस्थेने ती बघितली, नवा दाखला आला. चाळीस सेकंद. ज्यासाठी आम्ही तासभर भांडलो होतो, दोन दिवस दार बंद ठेवलं होतं आणि एका आईची दुपार जाळली होती, ते चाळीस सेकंदांचं काम. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी मावशींकडे बघितलं नाही. पडद्याकडेच बघत मी त्यांना दोन दिवसांची नोंद उघडून दाखवली. हे बघा, कोण आत गेलं ते इथे उमटतं. गुरुवारपासून कोणी गेलेलं नाही. लाल पाटी आली तीच मुळी सगळ्यांना बाहेर ठेवायला. दाखला नव्हता म्हणून फोनने तुमच्या मुलीलाही आत जाऊ दिलं नाही.

मावशींनी पडद्यावर बोट ठेवलं. "माजे पोरीला पन नाय?"

नाही, मी म्हटलं.

"मंग बरा हाय," त्या म्हणाल्या.

आत्याच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हा कुठे थोडा उतरला. पण मावशी पक्क्या. पडद्यावरचं ठीक, कागद कुठे आहे ते बघायचं, म्हणाल्या. आत्याने कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं, मावशींच्या मुलीचा फॉर्म काढून त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, न्यायचा असेल तर न्या. मावशींनी तो उलटसुलट बघितला. त्यांना वाचता येत होतं जेमतेम, पण तळाचं आत्याचं अक्षर त्यांनी बोटाने चाचपलं. मग परत दिला. ठेव तुझ्याकडे, म्हणाल्या, पन नीट ठेव.

तेव्हा आत्याने एक पाकीट घेतलं, फॉर्म त्यात घातला, डिंक लावून बंद केलं आणि जिथे चिकटवलं होतं त्या जोडावर आडवी सही केली. अर्धी सही वरच्या कागदावर, अर्धी खालच्या. मावशींनाही तशीच करायला लावली. कोणी उघडलं तर सही मोडणार. मी बघतच राहिले. पाच रविवार मी तिला जे शिकवत होते ते ती चाळीस वर्षं डिंकाने करत होती. मावशींच्या मुलीचा शेरा या पाकिटात राहील, आत्या म्हणाली, कॉम्प्युटरवर तो कधी चढलाच नव्हता. मग ती गुडघ्यावर हात देऊन वाकली आणि सगळ्यात खालचा खण ओढला.

खणात अशी पंधरा-वीस पाकिटं उभी लावलेली होती. मावशींचं पाकीट पुढे ठेवायला तिने बाकीची मागे सारली, आणि एकावर मला माझं नाव दिसलं. अक्षर माझ्या आईचं. कागद पिवळा पडलेला. जोडावर आत्याची सही, अखंड.

मी सत्तावीस वर्षांची होते तेव्हा आईने माझा फॉर्म भरून आत्याकडे दिला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर मी इथे आले होते. मला लग्न करायचं नाही, आत्ता नाही आणि नंतरही नाही, आईला सांगू नको, असं मी एका दमात बोलले होते. आत्या तांदूळ निवडत होती. ती फक्त 'बरं' म्हणाली होती. पुढे दर भाऊबीजेला ती कोपरीला वडिलांना ओवाळायला यायची, आणि आई तिला स्वयंपाकघरात नेऊन विचारायची, काही आलं का गं. आत्या म्हणायची, बघतेय. मला वाटायचं, आत्या माझं बोलणं विसरली असेल, फॉर्म चार घरी गेला असेल, कोणी पसंत केलं नसेल. कधी वाटायचं, तिने आईला सांगूनच टाकलंय आणि दोघी मिळून मला फसवतायत. सहा वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर हा विषय कोणी काढला नाही.

मावशी निघाल्या. जाताना त्यांनी मला बुधवारी बाजारात यायला सांगितलं, सुरमई येणार होती. मी त्यांना खालपर्यंत सोडून वर आले. आत्याने चहा टाकला होता. आता ते आपोआपचं बटण चालू कर, ती म्हणाली, आणि ते कधी काय करतं ते मला सांगत जाऊ नकोस. मी चालू केलं. मग विचारलं, आईला सांगितलं होतंस?

आत्याने चहा गाळला. दोन्ही कप भरले. "तू नको म्हणाली होतीस ना," ती म्हणाली.

एवढंच. बावीस वर्षं, आई असेपर्यंतच्या सोळा भाऊबिजा, आणि स्वतःच्या वहिनीच्या तोंडावर 'बघतेय'. मला रडू आलं. मी ते चहाच्या वाफेवर ढकललं. आईला किती वाईट वाटलं असेल, असं मी म्हणाले. आत्याने कप माझ्यापुढे सरकवला.

"तीही एकदा आली होती, एकटीच. तिनेही एक सांगितलं होतं तुझ्याबद्दल. तुला सांगायचं नाही म्हणाली."

मी विचारलं, काय. आत्याने साखर पुढे केली. मी पुन्हा विचारलं. आता आई नाही, मी पन्नाशीला आले, सांगायला काय हरकत आहे? ती म्हणाली, ती नाही म्हणूनच, आता परवानगी कोण देणार? मी तिसऱ्यांदा विचारलं, जरा आवाज चढवूनच.

आत्या उठली, खालचा खण पायाने आत ढकलला, कपाट लावलं आणि किल्ली कमरेला खोचून कप विसळायला गेली. त्यानंतर मी आणखी पुष्कळदा विचारलं, आतून ओ आली नाही.